अफवेला इंग्रजी शब्द दोन

लॅटिनमध्ये 'व्हॅका' म्हणजे गाय. १७९६ साली जेन्नरने गाईंना होणाऱ्या देवीची लस एका मुलाला टोचली. 'व्हॅक्सिन' हा शब्द त्यातूनच आला. लोक मात्र घाबरले. टोचलेल्यांच्या अंगातून गाई उगवत असल्याचे व्यंगचित्रच गिलरेने १८०२ मध्ये काढले!

आपण सरसकट 'अफवा' म्हणतो. इंग्रजीत मुद्दाम पसरवलेली ती 'डिसइन्फर्मेशन', खरी समजून सांगितलेली ती 'मिसइन्फर्मेशन'. २०२१ साली धाराशिवकडील आमच्या गावी चुलते म्हणत, "लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो." मी त्यांना खोटारडे ठरवून भांडलो. दुसरा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. ते नुसते भ्याले होते. आजीने पदर सारून दंडावरचा देवी काढल्याचा वण दाखविला. "तवाबी असंच म्हणत हुते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून केंद्रावर गेले.