सोळाव्या वर्षी मसादाच्या वाटेने

पहाटेचे चार वाजलेले असतात. मृत समुद्राच्या काठी जुलै महिन्यात दिवसा पारा चाळिशी गाठतो, म्हणून मुलांना उजाडण्यापूर्वीच उठवावे लागते. डोळे चोळत, पाण्याच्या बाटल्या पाठीवरच्या पिशवीत कोंबून चाळीसएक मुले-मुली अंधारात नागमोडी वाट चढू लागतात. या वाटेचे नावच मुळी 'सर्पवाट'. गडावर जायला रोपवे आहे, पण पहाटे येणारे हे गट पायीच चढतात. सूर्य जॉर्डनच्या डोंगरांमागून वर येण्याआधी माथा गाठायचा असतो.

ही मुले आलेली असतात अमेरिकेतून, कॅनडातून, ब्रिटनमधून. वय पंधरा ते सतरा. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की परदेशातल्या ज्यू संस्था आपल्या मुलांना महिनाभर इस्रायलच्या यात्रेला पाठवतात. अमेरिकेतल्या 'युनायटेड सिनेगॉग यूथ' या संघटनेची अशी यात्रा १९५६ साली सुरू झाली. तेव्हापासून कित्येक घरांत आधी आई-वडील आणि मग त्यांची मुले त्याच वाटेने जाऊन आली आहेत.

मसादा हा गड हेरोद राजाने बांधून घेतला. कड्याच्या टोकावर महाल, खडकात खोदलेल्या पाण्याच्या प्रचंड टाक्या, धान्याची कोठारे. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि उरलेसुरले बंडखोर बायकामुलांसह या गडावर टिकून राहिले. रोमन सैन्याने भोवती तळ ठोकले, पश्चिमेकडून मातीचा चढ रचला. इतिहासकार जोसेफस सांगतो की ७३-७४च्या सुमारास तट फुटला, तेव्हा गुलाम होण्यापेक्षा मरण पत्करण्याचे ठरले. पुरुषांनी आधी आपल्याच बायकामुलांना मारले, मग चिठ्ठ्या टाकून एकमेकांना. ९६० माणसे गेली. पाण्याच्या भुयारात लपलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली.

आपल्याकडे रायगडावर शाळेची सहल गेली की गुरुजींचा आवाज आपोआप चढतो. इथेही तेच होते. वर्षानुवर्षे ही कथा निव्वळ शौर्याची म्हणून सांगितली गेली. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी इथे उत्खनन केले, तेव्हापासून तर तिला राष्ट्रीय अभिमानाचे तेजच चढले. पण त्या सामूहिक मरणाला आधार एकट्या जोसेफसचा. तो स्वतः रोमनांना जाऊन मिळालेला, आणि त्याच्या वृत्तांताविषयी विद्वानांत आजही वाद आहे. चांगला वाटाड्या हे मुलांपासून लपवत नाही. तो त्यांना सावलीत बसवून विचारतो, "बाप म्हणून हे बरोबर होते का? आणि त्या लपलेल्या बायकांना भित्र्या म्हणायचे की शहाण्या?" आदल्या रात्री खोलीत उशांनी मारामारी करणारी मुले मग तासभर वाद घालतात.

पुढचे मुक्काम ठरलेले. मृत समुद्रात तरंगायचे, सफेदच्या जुन्या गल्ल्यांतून ज्यू गूढवाद्यांची सिनेगॉगे पाहायची. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत धर्मपरंपरा पाळणाऱ्या गटांची बस जागची हलत नाही. शब्बाथ! याच नियमापायी कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले.

जेरुसलेमला पश्चिम भिंतीपाशी मुले चिठ्ठी लिहून दगडांच्या फटीत ठेवतात. आजीच्या दुखण्यापासून परीक्षेच्या गुणांपर्यंत काहीही त्यात असते. वर्षातून दोनदा त्या चिठ्ठ्या काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात, जाळत नाहीत. त्याच भिंतीच्या वर मुसलमानांची पवित्र अल-अक्सा मशीद आहे. काही गट मुलांना अरबांची बाजूही ऐकवतात, पुष्कळसे तो विषय टाळतात. मला विचाराल तर, महिनाभर फिरवून शेजाऱ्याची ओळखच न करून देणे हा या सहलींचा मोठा उणेपणा आहे. चौकस मुले घरी गेल्यावर तेच विचारतात.

याद वाशेम या स्मारकात मात्र बोलणे थांबते. बालस्मारकाच्या अंधाऱ्या दालनात मोजक्याच ज्योती आरशांतून असंख्य होतात, आणि एक आवाज नावे वाचत असतो: मुलाचे नाव, वय, देश. नाझींनी पंधरा लाख ज्यू मुले मारली. आपल्याच वयाचे नाव कानी पडले की मुले एकमेकांचा हात धरतात.

पालकांचे काय? बसमध्ये सुरक्षारक्षक असतो, मार्ग रोजच्या परिस्थितीनुसार बदलतात, तरी आईचा जीव टांगणीलाच. २००१च्या उन्हाळ्यात हिंसाचारामुळे अमेरिकेतल्या सुधारणावादी पंथाने आपल्या मुलांच्या सहली रद्द केल्या, तेव्हा समाजातच केवढे वादळ उठले! संकटात पाठ फिरवली असे एक म्हणे, दुसऱ्याच्या मुलाचा जीव पणाला लावू नका असे दुसरा. २०२५च्या जूनमध्ये इराणशी युद्ध पेटले, विमाने बंद झाली, आणि 'बर्थराइट'च्या सहलीवर आलेल्या तरुणांना जहाजातून सायप्रसला न्यावे लागले.

काही गटांत आठवडाभर इस्रायली मुलेही येऊन राहतात. वय तेच, गाणी तीच, टिंगलही तीच. फरक जेवणाच्या टेबलावर कळतो. एक सांगतो, कुठल्या कॉलेजला अर्ज करणार. दुसरा सांगतो, लष्कराचे पहिले बोलावणे घरी आले आहे. अठरा पूर्ण झाले की गणवेश. तिथे मुलींनाही सेवा सक्तीची. पाहुण्यांचा घास मग जरा अडतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर टोप्या-टीशर्टांची अदलाबदल होते, पत्ते लिहून घेतले जातात. "पुढच्या उन्हाळ्यात ये," अमेरिकेची मुलगी म्हणते. इस्रायली मैत्रीण हसून बोटांवर महिने मोजू लागते.