नकाशातील रेल्वेची रेघ कशी वाचावी?

व्यापारी व कारागीर बांधवांच्या हाती आता मोबाईल आला आहे आणि त्यात नकाशाही आहे. माल कोठे उतरवावा, गोदामाला जागा कोठे घ्यावी, हे पुष्कळ लोक नकाशा पाहून ठरवतात. आमच्या जानेफळला रेल्वे नाही. कापडाच्या गाठी रेल्वेने मागवायच्या तर खामगाव, शेगावकडे पाहावे लागते. म्हणून ही रेघ नीट वाचता येणे गरजेचे आहे.

2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा सामान्य लोकच भरतात व दुरुस्त करतात. त्यात स्टेशन, फाटक ही बिंदूने आणि रूळ रेघेने दाखवतात. दुहेरी मार्ग असेल तर दोन्ही रूळ वेगळे काढतात; मालधक्क्याची सायडिंगही वेगळी असते. प्रत्येक रेघेला माहिती जोडलेली असते: रुळांतील अंतर किती, वीज आहे की नाही, वेगमर्यादा किती. 'ओपनरेलवेमॅप' हीच माहिती रंगांनी दाखवतो.

व्यापाऱ्याने सर्वांत आधी पाहावी ती रेघेची अवस्था. चालू, बांधकाम सुरू असलेला, रूळ आहेत पण गाडी नाही असा, रूळ उखडलेला आणि केवळ प्रस्तावित, अशा मार्गांच्या नोंदी निरनिराळ्या असतात.

आपल्या वऱ्हाडातच याचे दाखले आहेत. जलंब-खामगाव हा फाटा 1870 साली कापसासाठी सुरू झाला. तो आजही चालू आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरला जाणारी 762 मिलिमीटरची शकुंतला नकाशात सापडते, पण तिच्या गाड्या बंद आहेत. अकोला-अकोट मीटरगेज 2017 साली बंद होऊन 2022 साली ब्रॉडगेज (1676 मिलिमीटर) झाला. तेथे जुनी नोंद वाचणारा फसेल.

खामगाव-जालना मार्गाची मागणी तर इंग्रजांच्या काळापासूनची. तो कोणी तुटक रेघेने दाखवला, तरी त्यावर रूळ पडलेले नाहीत. अशी रेघ दाखवून कोणी "येथून रेल्वे जाणार" म्हणत प्लॉटचा चढा भाव सांगू लागला, तर बांधवांनी सावध राहावे. कष्टाची पुंजी अशाच सौद्यात अडकते. भूसंपादनाची अधिसूचना निघाली काय, तीत आपला गट क्रमांक आहे काय, हे तहसील कचेरीत विचारावे आणि सातबारा पाहावा.

तसेच स्टेशनचे चिन्ह दिसले म्हणजे तेथे पार्सल घेतातच असे नाही. गाठी रवाना करण्यापूर्वी स्टेशनवर चौकशी करावी. नकाशा वाट दाखवतो. बिल्टी मात्र स्टेशनवरच फाटते.