पिकअप खाली बसवताय? आधी डिझेल टाकीचं बघा

दौंड : पाटे कमी करून पिकअप खाली बसवली की गाडी झकास दिसते. पण चेसीला लटकलेली डिझेल टाकीही तेवढीच खाली येते आणि गावातल्या उंच स्पीडब्रेकरला तीच आधी घासते. मग टाकी दुसरीकडे हलवायचं ठरतं. त्याआधी एवढं वाचा.

वेल्डिंग : टाकीला वेल्डिंग मारू देऊ नका. डिझेल काढलं तरी आत वाफ राहते. ठिणगी पडली तर टाकी बॉम्बसारखी फुटते. रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, तीच जास्त धोक्याची. पट्टा आणि नटबोल्टनेच बसवा.

जागा : चेसीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, सायलेन्सरपासून लांब. अगदी मागच्या टोकाला नको, मागून धडक बसली तर पहिला मार टाकीलाच.

पाइप : डिझेल इंजिनकडे नेणारा, उरलेलं परत आणणारा आणि हवेचा. हवेचा पाइप दुमडला तर डिझेल ओढलं जात नाही, गाडी भर रस्त्यात बंद पडते.

कायदा : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

दौंडच्या गाड्या एमएच-४२ च्या, म्हणजे बारामती आरटीओच्या. गॅरेजला जाण्याआधी तिथं विचारा. ज्या गाडीवर घर चालतं, तिच्यावर हौस जपूनच करा.