छातीतले पाणी आणि बारीक नळी

‘छातीत पाणी झालंय’ असे डॉक्टरांनी सांगितले, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याने भरलेले फुप्फुस येते. प्रत्यक्षात हे पाणी फुप्फुसाच्या बाहेर असते. फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात एरवी दोन-तीन चमचे द्रव वंगणासारखा असतो. क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग, हृदयविकार यांमुळे तो लिटरभरही साठतो. फुप्फुस दबते आणि धाप लागते.

पूर्वी त्यासाठी करंगळीएवढी जाड नळी घालत. आता बहुधा चार-पाच मिलिमीटर व्यासाची पुरते. सोनोग्राफीने जागा पाहून कातडी बधिर करतात आणि बरगडीच्या वरच्या कडेलगत सुई घालतात. कारण खालच्या कडेने रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. सुईतून तार सरकवून, सुई काढून, तारेवरून नळी आत नेतात. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडलेली ही युक्ती. नळीचे बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवतात. त्यामुळे द्रव बाहेर येतो, हवा आत शिरत नाही.

या शेवटच्या गोष्टीचे मोल १९१८ मध्ये कळले. न्यूमोनियानंतर पू झालेल्या अमेरिकी सैनिकांची छाती घाईने उघडली जाई. हवा शिरून फुप्फुस मिटे, आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. एव्हार्ट्स ग्रॅहम यांच्या आयोगाने सुरुवातीला छाती न उघडता पू काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आले.

उरली अडचण घट्ट पुवाची. त्यात जाळी धरून कप्पे पडतात, मग नळी तुंबते. २०११ मध्ये ब्रिटनमधील २१० रुग्णांच्या चाचणीत नळीतून दोन औषधे सोडली : एक जाळी विरघळवणारे, दुसरे पू पातळ करणारे. निव्वळ नळीच्या गटात १६ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेकडे पाठवावे लागले, दोन्ही औषधे एकत्र दिलेल्यांत ४ टक्के. एकेकटे औषध मात्र उपयोगी पडले नाही.

नळी हा प्रत्येक पाण्यावरचा उपाय नव्हे. क्षयरोगाचे पाणी बहुतेकदा गोळ्यांनीच ओसरते, हृदयविकाराचे लघवी वाढवणाऱ्या औषधांनी. कर्करोगात पाणी वारंवार साठते. तिथे कातडीखालून बसवलेल्या नळीतून घरच्या घरी ते काढता येते. पू असेल तर मात्र दिरंगाई नको : जाळी घट्ट झाली, की बारीक नळीची वेळ निघून जाते. म्हणून ‘पाणी किती?’ याआधी ‘ते कशाचे?’ हे डॉक्टरांना विचारावे.