नवशिक्यासाठी स्केटबोर्डची फळी कशी निवडावी?

देवनहळ्ळी (बंगळुरू) : टिपू सुलतानचे जन्मस्थान म्हणून इतिहासात नोंदले गेलेले आणि पपनसांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले देवनहळ्ळी आता बंगळुरूच्या विमानतळाचे गाव म्हणून ओळखले जाते. २४ मे २००८ रोजी येथून विमानवाहतूक सुरू झाली आणि पाहता पाहता आसपासच्या शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतींच्या कुंपणाआत रहदारी नसलेले सपाट रस्ते आले. अशा रस्त्यावर चाकांच्या खेळाची ओढ मुलांना लागावी, हे स्वाभाविकच होय.

बंगळुरू शहरात होलीस्टोक्ड या स्केटबोर्डपटूंच्या गटाने लेव्हाईस कंपनीच्या साहाय्याने २०१३ मध्ये स्केटपार्क उभारला. पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या अवघ्या १३ वर्षांच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदक पटकावले. २०२२ मध्ये गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिले. साहजिकच घरोघरी मागणी होऊ लागली आणि पालकांसमोर प्रश्न उभा राहिला : घ्यायचा तरी कोणता?

स्केटबोर्डचे मुख्य भाग थोडेच. पाय ठेवण्याची फळी म्हणजे डेक, तिच्याखाली आस धरणारे धातूचे दोन सांगाडे म्हणजे ट्रक, चार चाके व त्यांतील बेअरिंग. डेकवर पाय घसरू नये म्हणून पॉलिशपेपरासारखा खरखरीत ग्रिप टेप चिकटवलेला असतो. मुलांचे लक्ष प्रथम जाते ते डेकच्या खालच्या रंगीत चित्राकडे. त्या चित्राचा चालवण्याशी काडीमात्र संबंध नाही. किंमत मात्र त्यामुळे वाढू शकते.

पाहायची ती रुंदी. पाय डेकवर आडवा ठेवला असता टाच एका कडेजवळ आणि चवडा दुसऱ्या कडेजवळ यावा. वळण्यासाठी शरीराचा भार याच कडांवर टाकावा लागतो. डेक पायापेक्षा फार रुंद असेल तर लहान मुलाचा भार कडेपर्यंत पोहोचत नाही आणि बोर्ड वळता वळत नाही. फार अरुंद असेल तर तोल राहत नाही. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना साधारणपणे ७ ते ७.२५ इंच आणि नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना ७.२५ ते ७.७५ इंच रुंदी सोयीची ठरते. त्यापुढील मुलांनी व प्रौढांनी ८ इंचांच्या आसपास सुरुवात करावी. वयापेक्षा पायाचे माप अधिक खरे. म्हणून ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला त्याचे बूट घालूनच दुकानात न्यावे. ‘पुढे वाढेल म्हणून’ दोन मापे मोठा घेण्याची आपल्याकडील रीत शाळेच्या गणवेशाला चालते, येथे नाही.

रुंदीच्या फॅशनीही बदलत आल्या आहेत. १९८० च्या दशकात दहा इंचांचे डेक सर्रास वापरले जात. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते साडेसात इंचांच्या आसपास आले आणि आता पुन्हा आठ इंचांपलीकडे गेले आहेत. त्यामुळे एखादा मोठा मुलगा ‘आठच्या खाली काही घेऊ नका’ असे सांगत असेल, तर त्याचे म्हणणे दहा वर्षांच्या मुलाला लागू करण्याचे कारण नाही.

चांगला डेक मेपल लाकडाच्या सात पातळ थरांचा असतो. बहुतेक थरांतील रेषा लांबीच्या दिशेने आणि दोन थरांतील आडव्या असतात. त्यामुळे डेक लवचिक राहतो, पण सहजी चिरत नाही. कडेने पाहिल्यास हे थर मोजता येतात. त्यांत कोठेही फट दिसता कामा नये. जोडलेला बोर्ड गुळगुळीत फरशीवर ठेवून पाहावा. चारही चाके टेकली पाहिजेत. डुगडुगत असेल तर डेक पिळलेला असण्याची शक्यता आहे.

खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांपासून मात्र सावध राहिलेले बरे. त्यांतील अनेकांचे ट्रक प्लॅस्टिकचे असतात. बोर्डवर उभे राहून बाजूला झुकले तरी तो वळत नाही. मूल दोन दिवस धडपडते आणि आपल्याला हे जमणारच नाही, अशी समजूत करून घेते. पैसे वाया जातात ते जातातच.

रस्ता खडबडीत असेल तर मोठा डेक घ्यावा, असा एक समज आहे. तो चुकीचा होय. खडबडीतपणाचे उत्तर चाकांत आहे. स्केटपार्कसाठीची चाके सुमारे ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची, ९९ए किंवा त्याहून कठीण असतात. बारीक खडी वर आलेल्या रस्त्यावर ती पायाला झिणझिण्या आणतात आणि लहानशा खड्यानेही अडतात. तेथे ७८ए ते ८७ए कठीणपणाची मऊ, किंचित मोठी चाके लावावीत. चाके मोठी झाली की वळताना ती डेकला घासू शकतात व बोर्ड एकदम थांबतो. हे टाळण्यासाठी ट्रक आणि डेक यांच्यामध्ये रायझर ही जाड पट्टी बसवतात. ट्रकच्या आसाची लांबी डेकच्या रुंदीशी जुळावी. पाव इंचाहून अधिक फरक नसावा.

बंगळुरू परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस होतो. ओल्या रस्त्यावर स्केटबोर्ड चालवू नये. चाके घसरतात, बेअरिंग गंजतात आणि ओल धरलेल्या डेकचे थर सुटू लागतात. उन्हात तापणाऱ्या मोटारीतही तो ठेवू नये.

हेल्मेट, गुडघ्यांचे व कोपरांचे पॅड आणि मनगटाचे संरक्षक हे सर्व बोर्डबरोबरच घ्यावे. पडताना हात आपोआप पुढे जातात आणि नवशिक्यांची मनगटे दुखावतात.

पहिला डेक महागडा असण्याची गरज नाही. कारण तो झिजणारच. मागचे टोक जमिनीवर घासून घासून धारदार झाले, थर सुटू लागले किंवा ट्रकच्या स्क्रूंभोवती तडे दिसले की तो बदलावा. ट्रक, चाके व बेअरिंग मात्र सुस्थितीत असतील तर तीच नव्या फळीला बसवता येतात. मुलाचा पाय वाढलेला असेल, तर रुंदी बदलण्याचीही हीच वेळ. तेव्हा ट्रकचे माप पुन्हा तपासून घ्यावे.