फुंकर मारलेल्या कॅसेटी

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात निमोणे आहे. पुणे-नगर रस्ता सोडून आत वळलं की ऊस, कांदा, ज्वारीचं शिवार सुरू होतं. अशा गावांत 1990 नंतरच्या दशकात टीव्हीवरची गेम पोचली ती दुकानातून कमी आणि नात्यागोत्यातून जास्त. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला काका नाहीतर मामा मे महिन्यात गावी यायचा आणि त्याच्या पोरांच्या पिशवीत कपड्यांखाली एक राखाडी डबा असायचा. सोबत दोन रिमोट, एक प्लॅस्टिकचं पिस्तूल आणि चार-पाच पिवळ्या कॅसेटी. दुपारी जेवणं उरकली की वाड्यातल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर आळीतली पोरं जमत. अँटेनाची वायर काढून गेमची लावली जाई, चॅनेल जुळेपर्यंत पडद्यावर मुंग्या येत आणि मग एकदम निळ्या आभाळाखाली टोपीवाला मारिओ उभा राहत असे.

त्या कॅसेटी आज कुठे आहेत? बऱ्याचशा भंगारात गेल्या. काही पत्र्याच्या पेटीत, जुन्या वह्यांखाली अजून आहेत. गेल्या काही वर्षांत त्या शोधणारी, पुसून-घासून पुन्हा चालू करणारी हौशी मंडळी महाराष्ट्रात दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या या कामाकडे गांभीर्याने बघण्याची वेळ आली आहे.

या साऱ्याचं मूळ जपानमध्ये आहे. निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र तिथे विकायला काढलं. ‘फॅमिकॉम’ हे त्याचं लाडकं नाव. दोन वर्षांनी हेच यंत्र वेगळ्या रूपात अमेरिकेत गेलं, तेव्हा कंपनीने त्यात कुलपाचं काम करणारी चिप बसवली, म्हणजे परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये. कॅसेटच्या पिनाही 60 वरून 72 झाल्या. जपानी यंत्राला मात्र असं कुलूप नव्हतं. तैवानच्या कारखानदारांनी नेमकं तेच हेरलं. यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या चिपांची नक्कल केली आणि 60 पिनांच्या नकली यंत्रांचा पूर आशिया, रशिया, पूर्व युरोपात पसरला. रशियात ते ‘डेंडी’ झालं, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ते घराघरांत गेलं आणि पुढे तर नावाशिवायही विकलं गेलं.

एक बारकावा सांगायलाच हवा. जपानी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र काढतो, आपला 50 वेळा. जपानसाठी लिहिलेले खेळ आपल्या पद्धतीच्या टीव्हीवर नीट चालावेत म्हणून यूएमसीने यूए6527पी आणि यूए6538 ही चिपांची जोडी खास बनवली. नकलेच्या धंद्यात एवढं डोकं लावलेलं होतं. मूळ खेळ लिहिणाऱ्या कोनामी, नामको, हडसन या कंपन्यांना यातून दमडीही मिळाली नाही, हेही तितकंच खरं.

अधिकृत वाटेने येण्याचे प्रयत्न झाले, पण ते शहरापलीकडे फारसे पोचले नाहीत. 80 टक्के आयातकर चुकवण्यासाठी सेगा कंपनीने 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला आणि आपलं मेगा ड्राइव्ह हे यंत्र भारतात आणलं. किंमत होती 18,000 रुपये. सहकारी साखर कारखान्याच्या बिलाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरात हा आकडा उच्चारायचीही सोय नव्हती. म्हणूनच आज संग्राहकांना सेगाच्या कॅसेटी सापडतात त्या शहरातल्या मोजक्या घरांतून, आणि पिवळ्या कॅसेटी सापडतात सगळीकडून.

ती पिवळी कॅसेट एकदा उघडून बघावी. मागचे दोन स्क्रू काढले, नाहीतर नुसत्या खाचा नखाने सोडवल्या, की दोन टरफलं वेगळी होतात. आत बरीचशी पोकळीच. तळाशी हिरवी पट्टी, तिच्या कडेला 60 चकचकीत पिना, दोन्ही बाजूंना 30-30. मधोमध डांबरासारखा काळा ठिपका. त्या ठिपक्याखाली उघडी चिप थेट पट्टीवर चिकटवलेली असते आणि वरून इपॉक्सीचा थेंब ओतून ती झाकलेली असते. वेगळं आवरण नको, पाय नकोत, खर्च कमी. सगळा सुपर मारिओ मावतो 40 किलोबाइटमध्ये. रणगाड्यांची ‘बॅटल सिटी’ तर 24 किलोबाइटचीच. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो बहुधा याहून मोठा असतो.

खेळ इतके लहान असल्यामुळेच एका कॅसेटमध्ये पुष्कळ भरता आले. ‘64 इन 1’ जवळपास खरी असायची. ‘9999999 इन 1’ म्हणजे प्रत्यक्षात मूठभर खेळ, आणि पुढे तेच खेळ वेगळ्या नावाने, वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे. यादीत खाली खाली जात एखादा नवीन खेळ सापडतोय का हे बघण्यात कित्येक पोरांच्या दुपारी गेल्या. मेनूची ती यादी, तिच्या मागचं चित्र, तिच्यावर वाजणारी चोरलेली धून हे सगळं त्या अनामिक तैवानी आणि चिनी कारागिरांचं स्वतःचं काम होतं. मूळ कंपन्यांच्या दप्तरात त्याची नोंद कुठून असणार? नोंद आहे ती या कॅसेटींमध्येच.

आणखी एक गंमत. ‘बॅटल सिटी’, ‘रोड फायटर’, ‘सर्कस चार्ली’ हे खेळ निन्टेन्डोच्या अमेरिकी यंत्रासाठी तिकडच्या बाजारात अधिकृतपणे आलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या पोराला जे मिळालं नाही ते आपल्या तालुक्यातल्या पोरांना पाठ होतं. ‘बॅटल सिटी’त स्वतःचा नकाशा रचायची सोय होती, ज्याला राखायचं त्या गरुडाभोवती विटांऐवजी पोलादाच्या भिंती घालून ठेवायची युक्ती प्रत्येक आळीत कुणीतरी शोधलेली असायचीच.

‘कॉन्ट्रा’ची तऱ्हा तर फारच बघण्यासारखी. 1988 च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची जादा चिप घातली होती, त्यामुळे पहिल्या पातळीवरची नारळीसारखी झाडं वाऱ्यावर डुलतात आणि बर्फाच्या पातळीवर खरोखर बर्फ पडतं. अमेरिकी आवृत्तीत झाडं स्थिर. हाताशी आलेल्या कॅसेटमधला कॉन्ट्रा कोणत्या घराण्याचा, हे जाणकार संग्राहक पहिल्या दहा सेकंदांत त्या पानांवरून ओळखतो. आणि वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा 30 जिवांचा मंत्र! तो मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 च्या ‘ग्रेडियस’साठी, चाचणी घेणं सोपं जावं म्हणून घातला होता. इंटरनेटचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा हा मंत्र एका पोराकडून दुसऱ्याकडे, एका गावाकडून दुसऱ्याकडे तोंडी पोचला. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा त्यांचं नाव प्रथमच कळलेल्या कितीतरी मराठी माणसांना तो क्रम बोटांनी अजून येत होता.

गावाकडच्या खेळण्याला एक जाच शहराहून जास्त होता. बहुतेक पिवळ्या कॅसेटींमध्ये खेळ जतन करायची बॅटरी नसायची. वीज गेली की सगळं शून्यावर. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची जी वर्षं काढली, त्यात आठव्या पातळीवरच्या राजवाड्यात पोचलेला मारिओ किती वेळा अंधारात गडप झाला असेल याचा हिशेब कुणी मांडणार नाही. पण मोठेपणी संग्राहक झालेल्यांना विचारा, शेवटचा राक्षस बघितला ती तारीख अनेकांना सणासारखी लक्षात असते.

टीव्हीची गेम ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लर होतं. नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळायची. कॅपकॉमच्या 1993 च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ला महाराष्ट्रात त्या मूळ नावाने कुणी ओळखलं नाही, पिवळ्या टोपीतल्या मुस्तफाने सगळा खेळच आपल्या नावावर करून घेतला. आणि गावोगावच्या यात्रांत पाळण्याशेजारच्या खेळण्यांच्या दुकानात हातात मावणारी ‘ब्रिक गेम’ मिळायची, रशियातल्या अलेक्सी पाजित्नोव यांच्या टेट्रिसची दूरची नात. तिच्यावरही 9999 असा फुगवलेला आकडा.

मग सीडी आली, सायबर कॅफे आले, मोबाइल आला. कॅसेटीचा काळ कुणाला निरोप न देता संपला.

जगात मात्र या वस्तूंना निराळाच भाव येत होता. अमेरिकेत अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या होत्या. 26 एप्रिल 2014 रोजी तो खड्डा उकरला गेला. जवळपास 1,300 कॅसेटी बाहेर आल्या, त्यांतल्या 881 विकून लाखाहून जास्त डॉलर उभे राहिले आणि ‘ई.टी.’ची एक कॅसेट स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाली. पुढे 2021 च्या जुलैत तर कळस झाला. ‘झेल्डा’ची एक सीलबंद प्रत 8 लाख 70 हजार डॉलरला गेली आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ 64’ची सीलबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला. पुढच्याच वर्षी ज्या संस्थेने अशा प्रतींना दर्जा देऊन भाव ठरवायला हातभार लावला तिच्यावर अमेरिकेत खटला दाखल झाला.

ही बातमी वाचून इकडेही पेट्या उघडल्या गेल्या. पण लिलावातला तो भाव कधीही न खेळलेल्या, प्लॅस्टिकचं वेष्टन न फाटलेल्या प्रतीला मिळतो. आपल्याकडे अशी प्रत शोधणंच चुकीचं आहे. इथली कॅसेट हातोहात फिरली, उसनी गेली, अदलाबदलीत आली, तिच्या पाठीवर बॉलपेनने कुणाचं तरी नाव आहे, लेबल अर्धं फाटलंय. लिलावगृहाच्या मापाने ती कचरा ठरेल. महाराष्ट्राच्या मापाने तीच अस्सल आहे, कारण इथलं खेळणं तसंच झालं, आणि जे जसं झालं ते तसंच जपलं पाहिजे.

या विचाराला आपल्याकडे थोर वडीलधारा आधार आहे. पुण्यातले दिनकर केळकर 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करू लागले, तेव्हा त्यांनी नुसता राजेरजवाड्यांचा जरीपटका शोधला नाही. अडकित्ते, समया, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, दारं-खिडक्या, जे रोज वापरलं जात होतं आणि म्हणून मोडीत निघत होतं ते त्यांनी उचललं. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1975 मध्ये सगळा ठेवा राज्य सरकारच्या हाती दिला. पितळी अडकित्ता आणि पिवळी कॅसेट यांत कालांतराने फरक उरत नाही; दोन्ही घरातल्या माणसांच्या बोटांनी झिजलेल्या वस्तू आहेत. एखाद्या मराठी संग्रहालयाच्या कपाटात अजून ‘64 इन 1’ विराजमान झालेली नसेल, तर ती लवकर व्हावी.

घाई करायला कारण आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिलं की तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ही गत नामवंत कंपन्यांच्या खेळांची. आपल्या बहुखेळी कॅसेटी तर कुणाच्या यादीतही नाहीत. त्यातला मजकूर काढून संगणकावर उतरवता येतो, त्यासाठीची साधनंही हौशी लोकांनी बनवली आहेत. पण मूळ वस्तू हाताशी आली तरच.

शोधायचं कुठे? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार. वायरी, अ‍ॅडॉप्टर, सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पण खरा साठा घरांत आहे, आणि शिरूर-दौंडसारख्या भागातल्या घरांत तो अधिक चांगला टिकलेला असण्याची शक्यता मोठी. पर्जन्यछायेतला हा कोरडा पट्टा. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर जो हिरवट थर चढतो तो इथे कमी चढतो; इथे शत्रू धूळ, आणि धूळ पुसता येते.

पुसायचं कसं, हेही नीट समजून घ्यावं. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे तेव्हाचं घराघरांतलं औषध. चालायची ती मुख्यतः काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा मात्र पिनांवर राहायचा आणि वर्षानुवर्षं त्या काळवंडत जायच्या. आता कापूस गुंडाळलेल्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूंच्या पिना पुसाव्यात, फारच काळ्या असतील तर आधी मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावं. यंत्राला जुना अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी त्याचे व्होल्ट आणि अधिक-उणे तपासावेत. नकली यंत्रांत हे एकसारखं नसतं आणि उलटं लागलं तर आतला भाग जळतो. पिवळट पडलेला डबा पांढरा करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरतात, पण ते केल्याने प्लॅस्टिक ठिसूळ झाल्याच्या तक्रारी आहेत. बॉलपेनने लिहिलेल्या नावाला अल्कोहोल लागू देऊ नये.

सगळ्यात अवघड प्रश्न टीव्हीचा आहे. ‘डक हंट’मधलं पिस्तूल गोळी मारत नाही, बघतं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. पिस्तुलाच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या काचेच्या नळीवर, तिच्या ओळी काढण्याच्या वेगावर बेतलेलं आहे. सपाट टीव्हीवर चित्र काही क्षण उशिरा येतं, आणि पिस्तूल आंधळं होतं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे, मुंबईच्या ओनिडाचे असे खोकी टीव्ही एकेकाळी गावोगाव होते. निमोण्याहून फार लांब नसलेल्या रांजणगावच्या एमआयडीसीत आज एलजीचा कारखाना आहे, पण खोकी टीव्ही आता कुणीच बनवत नाही. 2012 पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि जुने संच किलोवर मोडीत जाऊ लागले. त्यांचे फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर नवे मिळणं मुश्कील झालंय, ते बदलून देणारे टीव्ही मेकॅनिक साठीच्या पुढे गेलेत. ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याने गावातला एक चालू खोकी टीव्ही भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घ्यावा, आणि तो दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून हाताखाली बसून काम शिकून घ्यावं, ते या वर्षीच.