इंजिनाला पहिला हिसका कोण देतो?

मुलांनो, मोटारीचं इंजिन पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण बंद असलेलं इंजिन आपलं आपण सुरू होतं का, सांगा पाहू? नाही! सिलिंडरमध्ये हवा ओढली जाऊन दाबली गेली, तरच इंधन नीट पेटतं. म्हणजे आधी बाहेरून कुणीतरी इंजिन फिरवायला हवं.

पुणे जिल्ह्यातलं आमचं इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. अशा नदीकाठच्या गावांत पाणी उपसायला हँडलचं डिझेल इंजिन असायचं. ते कसं सुरू करायचे, आजोबांना विचारा. आधी एक छोटा लिव्हर उचलायचा. त्याने व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि जड फ्लायव्हील फिरवता येतं. वेग आला की लिव्हर सोडायचा. धड धड धड... इंजिन चालू!

जुन्या मोटारींनाही पुढून हँडल मारत. पण इंजिन कधीकधी उलटा झटका देई आणि हात मोडे. म्हणूनच जाणती माणसं हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात. तुम्ही मात्र हँडलला हात लावू नका बरं का! अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला. 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. आपल्याकडे त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात.

आता एक जुनी जीप घ्या. महिंद्रा कंपनीने मुंबईत 1947 सालापासून विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे कित्येकांनी जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. गंमत अशी, की युद्धकाळातल्या विलीजच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण साडेसहा पट दाबली जाते, तर डिझेल इंजिनात सोळा ते बावीस पट! पेट्रोल इंजिनाचा सेल्फ तिथे कसा पुरणार? त्यात थंडीच्या पहाटे ऑईल घट्ट होतं आणि बॅटरीही मंदावते. मग सेल्फ नुसता कण्हतो.

अशा वेळी ‘मोठा सेल्फ आणा’ असं कुणीही सांगतं. थांबा! आधी हिशेब करा. सेल्फला 200 अँपिअर वीज लागते असं समजू. गंजलेल्या केबलचा किंवा सैल अर्थिंगचा विरोध फक्त 0.01 ओहम आहे. 200 गुणिले 0.01 किती? 2 व्होल्ट! म्हणजे 12 व्होल्टांतले 2 व्होल्ट वाटेतच गळाले. नवा सेल्फ आणला, तरी गळती तशीच राहणार.

तेव्हा पालकांनो, क्रम असा ठेवा. आधी बॅटरी तपासा, मग केबलची टोकं घासून घट्ट करा. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट मोजा. ते साडेनवाच्या खाली गेले, तर बॅटरीवर संशय घ्या. मग सेल्फ खोलून कार्बन आणि बुश पाहा. इंजिन हाताने सुद्धा फिरत नसेल, तर दोष इंजिनातच असू शकतो.

एवढं करूनही सेल्फ कमी पडला, तरच नवा घ्या. तो निवडताना काय पाहायचं? पहिलं, व्होल्ट. युद्धकाळातल्या विलीजची बॅटरी 6 व्होल्टची होती, पुढे बऱ्याच जीप 12 व्होल्टवर गेल्या. दुसरं, फिरण्याची दिशा. तिसरं, दात. सेल्फच्या छोट्या चाकाचे दात फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांत अचूक बसले पाहिजेत, नाहीतर दोन्ही झिजतात. चौथं, बोल्टांची भोकं. आणि पाचवं, ताकद. ती इंजिनाला पुरेशी हवी.

गिअरचा सेल्फही मिळतो. घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो ना? इंजिन भराभर फिरतं, चाकं हळू फिरतात, पण जोर वाढतो. या सेल्फमध्ये छोटी मोटर खूप वेगाने फिरते आणि आतले गिअर वेग कमी करून जोर वाढवतात. तो वजनाला हलका असतो, आणि तेवढ्याच कामाला सहसा कमी वीज घेतो. जड इंजिनाला तो चांगला. पण कुठलाही सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये त्याला निवू द्या, नाहीतर वायंडिंग जळेल आणि पैसे पाण्यात!

आता तुमच्यासाठी गणित. सेल्फच्या चाकाला 9 दात आणि रिंगला 108 दात आहेत. इंजिन एकदा फिरायला सेल्फचं चाक किती वेळा फिरेल? उत्तर आलं, की आपली सायकल उभी करा, पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजा आणि तोच भागाकार करून पाहा. चेन थांबलेली असतानाच मोजा हं!